नॉरिसची बिअर छान आहे

पहिला घोट घेतल्यावर डेस्मंड टफिनने डोळे मिटून घेतले. तोंड वाकडं दिसू नये म्हणून हल्ली त्याला रोज तसं करावं लागायचं. बिअर आजही आंबलेली होती. कालच्यापेक्षा जरा जास्तच.

काउंटरमागून नॉरिस त्याच्याकडे बघत होता. हातात फडकं, फडक्यात ग्लास, आणि तोच ग्लास तो केव्हाचा पुसत होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"छान आहे," डेस्मंड म्हणाला.

थ्रॅप्सवेल गावातला मॅगपाय हा पब नॉरिस ॲपलगार्थच्या नावावर होता, पण तिथली बिअर त्याच्या बायकोची, मॉरीनची होती. म्हणजे ती बनायची दुसरीकडे, पिंपातून यायची. पण पिंपातली बिअर जिवंत असते, तिला तळघरात गारव्यात निजवावं लागतं, गाळ खाली बसू द्यावा लागतो, वायू सुटावा म्हणून पिंपाची खुंटी कधी सैल कधी घट्ट करावी लागते. हे सगळं मॉरीन करायची. रोज सकाळी पहिला घोट तिचा. तिला पसंत पडल्याशिवाय वर काउंटरवरच्या बिअरच्या हातपंपाला कुणी हात लावायचा नाही. एकदा एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड पबात आलं, तर "बिअर अजून बसली नाही" म्हणून तिने नवऱ्यामुलासकट सगळ्यांना चहा पाजला होता.

मार्चमध्ये मॉरीन गेली. तेव्हापासून तळघर नॉरिसकडे आलं, आणि बिअर व्हिनेगरच्या वाटेला लागली.

खरं तर खराब बिअर परत करायला तिथे कुणाची भीड नसते. ग्लास काउंटरवर ठेवायचा, "ही बरी नाही" म्हणायचं, मालक मुकाट्याने दुसरा भरून देतो, आणि पुन्हा गप्पा सुरू. पण अंत्यविधीनंतर सँडविचं खाताना नॉरिस सगळ्यांसमोर म्हणाला होता की तळघर आता मी बघणार, आणि ज्या दिवशी कुणी ग्लास परत करेल त्या दिवशी दाराला कुलूप लावून मी बहिणीकडे स्पेनला निघून जाईन. एवढं बोलून तो स्वयंपाकघरात गेला होता आणि बराच वेळ बाहेर आला नव्हता.

त्यानंतर ग्लास परत करणार कोण?

मॅगपायला कुलूप लागलं तर गावात दुसरा पब नव्हता. शेजारच्या गावात एक होता, पण तिथे बर्फासारखी गार, फसफसणारी, बेचव बिअर आणि भिंतभर टीव्ही. डेस्मंडची बायको ऑड्री जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवसभरात त्याला नावाने हाक मारणारं माणूस त्याला फक्त मॅगपायमध्ये भेटायचं. त्यामुळे तो रोज यायचा, डोळे मिटायचा आणि छान म्हणायचा.

त्याच्या टेबलावर आणखी दोघं असायची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली हिल्डा कॅपस्टिक, आणि मेंढ्या विकून घरी बसलेला गिल्बर्ट सोअरबी. कुणी तोंड उघडायचं नाही असा हुकूम हिल्डाने पहिल्याच आठवड्यात काढला होता. "जो बोलेल त्याची गाठ माझ्याशी," असं ती म्हणाली होती, आणि तिच्या हातचं जेवलेली मुलं आता आजोबा झाली तरी तिला वचकून होती.

न बोलणं जमलं, पण बिअरचं करायचं काय? डेस्मंड खिडकीशी बसायचा. नॉरिसची पाठ वळली की तो आपला ग्लास खिडकीबाहेरच्या फुलांच्या पेटीत ओतायचा. हिल्डा रबरी गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची, पाय दुखतात म्हणून. ती पिशवी रिकामी यायची आणि भरून जायची. गिल्बर्टचा मात्र इलाज नव्हता. युद्धानंतरच्या टंचाईत वाढलेला माणूस. ताटात, वाटीत किंवा ग्लासात काही टाकणं त्याला जमतच नव्हतं. तो सगळी प्यायचा, आणि रात्रभर पोटावर हात ठेवून घरात येरझाऱ्या घालायचा.

यातून नवंच लचांड उभं राहिलं. ओतायला वेळ लागत नाही, त्यामुळे टेबलावरचे ग्लास पूर्वीपेक्षा लवकर रिकामे व्हायला लागले. त्यात राउंडचा प्रश्न. एकाने सगळ्यांसाठी मागवली की दुसऱ्याने मागवायची, मग तिसऱ्याने. आपली पाळी न देता उठून जाणारा माणूस त्या गावात तोंड दाखवू शकत नाही. म्हणजे माणशी तीन ग्लास आलेच. नॉरिस दुरून ते रिकामे ग्लास मोजायचा आणि त्याचा चेहरा अधिकाधिक गोंधळल्यासारखा व्हायचा.

एका संध्याकाळी तो टेबलाशी येऊन म्हणाला, "तुम्ही तर मॉरीनच्या वेळेपेक्षा जास्त पिताय."

"चवच तशी आहे," हिल्डा म्हणाली.

नॉरिस रिकामे ग्लास उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट मोठं पिंप मागवलं.

हिल्डावर डेस्मंड भयंकर चिडला. मोठं पिंप संपायला जास्त दिवस लागतात, आणि उघडलेली बिअर दिवसागणिक बिघडते, हे त्याने तिला घरी जाताना चढावर उभं राहून समजावलं. ती म्हणाली, मग तू सांग त्याला. तो म्हणाला, मी का सांगू? ती म्हणाली, मग ओत मुकाट्याने. खिडकीतली फुलं तोवर मेली होती. ऊन फार झालं असं समजून नॉरिस त्यांना रोज पाणी घालत होता.

पण खरा घोळ पुढेच होता. जिल्ह्यात बिअरप्रेमींचं एक मंडळ होतं. त्यांची माणसं गावोगावच्या पबांमध्ये जाऊन बिअर तपासायची आणि ज्याची उत्तम त्याला मानपत्र द्यायची. मंडळाची सेक्रेटरी मिस ओल्ड्रॉइड. या बाईने आजवर इतके ग्लास परत केले होते की ती दारात दिसली की चांगले चांगले मालक घाईघाईने पंप धुवायला लागायचे. तिला नॉरिसने स्वतःहून बोलावणं धाडलं होतं. शनिवारी ती येणार होती.

"कशाला बोलावलंस?" डेस्मंडने विचारलं. त्याचा आवाज जरा चिरकलाच.

"तुम्ही सगळे छान म्हणता," नॉरिस ग्लास पुसत म्हणाला. "म्हटलं, एकदा बाहेरच्या माणसाला विचारू."

शुक्रवारी तिघांनी गिल्बर्टच्या घरी बैठक घेतली. गिल्बर्ट आडवा पडून बोलत होता. असं ठरलं की बिअरचं नक्की काय बिनसतंय ते आधी बघायचं. संध्याकाळी हिल्डा पबात चक्कर येऊन पडेल, नॉरिस तिच्यापाशी अडकेल, तेवढ्यात डेस्मंड तळघरात उतरेल आणि जमेल ती दुरुस्ती करेल. पडण्याचं काम आपल्याकडे का, असं हिल्डाने विचारलं. तू पडलीस तर उचलायला वेळ लागेल, असं गिल्बर्ट म्हणाला.

चक्कर मात्र तिला झकास आली. खुर्चीसकट ती आडवी झाली, नॉरिस पाणी घेऊन धावला आणि डेस्मंड तळघराच्या पायऱ्या उतरला.

दार उघडताच ऊब अंगावर आली. विहिरीसारखं गार असायला हवं होतं ते तळघर पाव भाजायच्या खोलीसारखं झालं होतं. पिंपांच्या मधोमध एक विजेचा हीटर लालभडक होऊन चालू होता. बिअर आंबणार नाही तर काय होणार? डेस्मंडला एवढा संताप आला की तो तरातरा चालत गेला आणि बटण बंद करायला खाली वाकला.

हीटरशेजारी स्टूल होतं. स्टुलावर मॉरीनचा राखाडी स्वेटर घडी घालून ठेवलेला होता.

तळघरात गारठून जाते अशी तक्रार मॉरीन वर्षानुवर्षं करत आली होती. वर आली की आपले थंडगार हात नॉरिसच्या मानेला लावायची आणि तो ओरडायचा, ते अख्ख्या पबाने पाहिलं होतं. तिला तिथे हीटर कधीच लावून देता आला नाही, तो बिअरमुळेच. आता नॉरिसने लावला होता.

डेस्मंड तसाच वाकलेला राहिला. त्याच्या घरी ऑड्रीच्या बाजूची उशी तो अजून दर रविवारी झटकून ठेवत असे. बटणाला हात न लावता तो वर आला. हिल्डाने एक डोळा उघडून खुणेने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "काहीच केलं नाहीस?" ती घरी जाताना म्हणाली. "मी उगाच माझं डोकं आपटून घेतलं?" तो फक्त "उद्या बघू" म्हणाला, आणि हिल्डाने त्याला गावभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मूर्ख म्हटलं.

शनिवारी मिस ओल्ड्रॉइड आली. उंच, वाळकी बाई. पावसाळी कोट, काखेत छत्री. तिने बिअर मागवली, ग्लास उजेडात धरला, वास घेतला. तिघंही टेबलावरून बघत होती. तिने घोट घेतला आणि तिचे डोळे मिटले गेले.

हे डोळे मिटणं डेस्मंडच्या चांगल्याच ओळखीचं होतं. संपलं आता, असं त्याच्या मनात आलं. पबाला कुलूप लागणार आणि नॉरिस स्पेनला जाणार.

डोळे उघडले तेव्हा बाईची नजर काउंटरमागच्या फोटोवर गेली. फोटोत मॉरीन पंप ओढत हसत होती आणि चौकटीला काळी रिबीन होती. मिस ओल्ड्रॉइडने फोटोकडे बघितलं, मग नॉरिसकडे, मग ग्लासाकडे.

"छान आहे," ती म्हणाली.

नॉरिसचा चेहरा पडला.

"नक्की?" त्याने विचारलं. "आंबट नाही लागत?"

"छे. थोडी वेगळी आहे. पण छान."

"आणखी एक घोट घेऊन बघा बाई."

मिस ओल्ड्रॉइडने छत्री घट्ट धरली आणि आणखी एक घोट घेतला. तिच्या कपाळावर घाम आला. "फारच छान," ती म्हणाली. "मानपत्र द्यायला मंडळाची काही हरकत असणार नाही."

नॉरिसने हातातलं फडकं काउंटरवर आपटलं. एवढ्या महिन्यांत त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता.

"या देशात एकाही माणसाच्या तोंडात जीभ नाही का?" तो म्हणाला. "रोज सकाळी मी पहिला घोट घेतो, तिच्यासारखा. रोज मला मळमळतं. वर येऊन विचारतो, तर हे तिघं छान म्हणतात. मोठं पिंप आणलं, म्हटलं आता तरी बोलतील, तर तेही रिकामं करतात. शेवटी जिल्ह्यातली सगळ्यात खडूस बाई बोलावली..." तो थांबला. "माफ करा बाई."

"हरकत नाही," मिस ओल्ड्रॉइड म्हणाली.

"पण तूच म्हणालास कुलूप लावीन म्हणून," गिल्बर्ट टेबलावरून कण्हत म्हणाला.

"त्या दिवशी माणूस काहीही बोलतो, गिल्बर्ट."

हे डेस्मंडला माहीत होतं. ऑड्रीच्या अंत्यविधीला त्याने घर विकून टाकायची घोषणा केली होती. नंतर त्याने घरातला पडदासुद्धा बदलला नव्हता. पण नॉरिस इतके दिवस कशाची वाट बघत होता, ते त्याला आत्ता कळलं. ते बटण नॉरिसला स्वतःच्या हाताने दाबवत नव्हतं. कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं.

डेस्मंड उठला. आपला भरलेला ग्लास घेऊन काउंटरपाशी गेला आणि तो नॉरिससमोर ठेवला. हिल्डाने त्याचा कोट मागून ओढला. त्याने तो सोडवून घेतला.

"नॉरिस, ही बरी नाही. परत घे."



"काय झालंय तिला?" नॉरिसने विचारलं.

"आंबली आहे. तळघर गरम आहे तुझं."

नॉरिसने ग्लास आपल्याकडे ओढला. "तिला फार थंडी वाजायची रे तिथे," तो म्हणाला.

"माहीत आहे," डेस्मंड म्हणाला. "आता नाही वाजत."

नॉरिसने मान डोलावली, एकदा, मग पुन्हा. मग तो तळघरात गेला. हिल्डा आपल्या हाताच्या बोटांकडे बघत होती. बऱ्याच वेळाने नॉरिस वर आला तेव्हा त्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता. तो त्याला खांद्यात तंग होता आणि बाह्या कोपराच्या जरा खालीच संपत होत्या.

"गार व्हायला दोन दिवस लागतील," तो म्हणाला. "सगळी पिंपं ओतून द्यावी लागणार. नवीन येईपर्यंत फक्त चहा मिळेल."

मिस ओल्ड्रॉइडने हळूच आपला ग्लास पुढे सरकवला. "मग ही पण घ्या," ती म्हणाली. "मला राहून राहून वाईट वाटतंय, पण ही फार भयंकर आहे."

तिच्यामागे हिल्डा येऊन उभी राहिली. मग दाराजवळच्या टेबलावरची दोन माणसं, जी आजवर कधीच काही बोलली नव्हती. काउंटरपाशी रांग लागली. नॉरिस एकेक ग्लास घेत होता, उजेडात धरत होता, नाकाशी नेत होता, आणि प्रत्येकाला कपाळाला आठ्या घालून "काय झालंय हिला?" असं विचारत होता, मॉरीन विचारायची तसं.

सगळ्यात शेवटी गिल्बर्ट भिंतीचा आधार घेत आला. त्याच्या हातातला ग्लास रिकामा होता.

"तुझी काय तक्रार?" नॉरिस म्हणाला. "तू तर सगळी प्यायलास."

"हो ना," गिल्बर्ट म्हणाला. "पण परत करण्यात आता मलाही मागे राहायचं नाही. थोडा वेळ थांबलास, तर बहुतेक जमेल."

नॉरिसने काउंटरखालून घाईघाईने बादली काढली.