सेटिंगला होते

कोणताही शब्द परदेशातून येतो तेव्हा एकाच कामासाठी येतो. इथलं पाणी मानवलं की बाकीची कामं तो आपणहून अंगावर घेतो. ‘सेटिंग’ या शब्दाने डोंबिवलीत जेवढी कामं अंगावर घेतली आहेत तेवढी कुठल्या उमेदवाराने जाहीरनाम्यातही घेतलेली नाहीत. मोबाइलमध्ये सेटिंग असते, पार्लरमध्ये केसांची असते, दातांच्या डॉक्टरकडे कवळीची असते. गच्चीवर दोघंजण पाण्याची टाकी फार वेळ न्याहाळत उभे राहिले तर त्यांचीही असते. आणि वर्षभर रखडणारं काम आठवड्यात झालं, तर ती ‘वर’ असते. इतकं असूनही लोकांचा गोंधळ होत नाही, असं एका पाहणीत दिसून आलं आहे. (पाहणी रिक्षा स्टँडवर झाली. चौघांना विचारलं. एकाला ऐकू येत नव्हतं, पण त्याचंही मत तेच पडलं.)

गोंधळ झाला तो फक्त उत्तम गमरे यांचा.

उत्तमराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सेटर होते. लेथवर हत्यार बांधायचं, माप जुळवायचं, पहिला नग काढून तपासायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करायचं, याला कारखान्यात सेटिंग म्हणतात. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. त्यांनी लावलेल्या मशीनचा माल कधी परत आला नाही, आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी चहाही विचारला नाही. निवृत्तीनंतर सोसायटीत त्यांची ओळख ‘तिसऱ्या मजल्यावरचे’ एवढीच होती. (तिसऱ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत.)

त्यांच्या प्रीतीला बघायला मोहन्याहून मोहिते मंडळी आली. मुलगा रत्नदीप एका सरकारी कार्यालयात कंत्राटी होता आणि त्याची कायम होण्याची फाइल कुठल्याशा टेबलावर मुक्कामाला होती. मुलगा-मुलगी एकमेकांकडे अजिबात बघत नव्हती. इतकी अजिबात, की प्रीतीच्या आईला, मायाताईंना, तिथेच काय ते कळलं. मुलाचे वडील बाळराव मात्र पोहे चिवडत होते, कारण बदलापूरचं दुसरं एक स्थळ त्यांच्या मनात होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश दोन खुर्च्या घेऊन आले होते आणि त्यातल्या एकीवर स्वतःच बसले होते.

बाळरावांनी रीत म्हणून विचारलं, “आपण कुठे होतात?”

“वागळे इस्टेटला. सेटिंगला होतो.”

बाळरावांनी बशी खाली ठेवली.

“अजून करता?”

“कुणी बोलावलं तर. हात बसलाय.”

“आणि मध्येच काही बिघडलं तर?”

“बिघडत नाही. पहिला नग मी स्वतः तपासतो, मगच पुढे सोडतो.”

बाळरावांनी आणखी पोहे मागून घेतले. निघताना होकार दिला आणि जिन्यात उत्तमरावांचा हात दोन्ही हातांत धरून, मुलाची फाइल तेवढी अडकली आहे, म्हणाले. फाइल म्हटल्यावर उत्तमरावांच्या डोळ्यांपुढे लोखंड घासायची कानस आली. ते म्हणाले, “बघतो.”

सुदेशनी खुर्च्या परत नेल्या आणि बातमीही नेली. दुसऱ्या दिवसापासून खालच्या बाकावरची माणसं उत्तमरावांना बघून उभी राहू लागली. सोसायटीचा पाण्याच्या वाढीव जोडणीचा अर्ज पडून होता. सुदेश त्यांना पालिकेच्या कार्यालयात घेऊन गेले. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं, असं ठरलं होतं. तिथल्या साहेबांनी हळूच विचारलं, हे कोण. सुदेशनी त्याहून हळू सांगितलं, सेटिंगला होते. साहेबांनी पंखा उत्तमरावांकडे वळवला. अर्ज मंजूर झाला. (क्रमाने त्याचाच नंबर होता. पण नंबराने काम होतं यावर साहेबांचाही विश्वास नव्हता.)

मग तळमजल्यावरचे एक गृहस्थ भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी पेढे घेऊन आले, तेव्हा उत्तमरावांनी बायकोला विचारलं आणि तिने सगळा अर्थ उलगडून सांगितला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. लोक आपल्याला दलाल समजतात, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. मायाताईंचं म्हणणं, साखरपुड्यापर्यंत समजू देत. प्रीती स्वयंपाकघरात जाऊन रडली, त्यावरून तिची आणि रत्नदीपची ओळख किती जुनी आहे हे उत्तमरावांना उमगलं. (शब्दाचा हाही अर्थ घरातच निघाला.) तरी खोट्यावर जावई मिळवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि साखरपुड्याला बाळरावांना बाजूला घेतलं.

“बाळराव, मी लेथची सेटिंग करायचो. लोखंडाची. माझी कुठेही ओळख नाही. आता काय ते तुम्ही ठरवा.”

बाळरावांनी इकडेतिकडे बघितलं.

“बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन.”

लग्न थाटात झालं. पुढे रत्नदीपच्या कार्यालयाने सगळ्याच कंत्राटी लोकांना एकदम कायम केलं. बाळराव नातेवाइकांना सांगत सुटले, “एकट्याचं केलं असतं तर डोळ्यावर आलं असतं. म्हणून व्याह्यांनी सगळ्यांचंच करून घेतलं.”

त्यानंतर उत्तमरावांनी नाही म्हणणं सोडलं. नाही म्हटलं की माणसं दुप्पट येत. ‘बघतो’ पुरेसं होतं. अर्धी कामं आपोआप होत, उरलेली ‘वरून अडली’ असं लोक स्वतःच समजून घेत. लवकरच ते सोसायटीचे चेअरमन झाले. हे सगळं त्यांना आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. आयुष्यभर बरोबर माप देऊन जे मिळालं नाही, ते काहीच न करता मिळत होतं.

एका सकाळी अण्णा आले. कारखान्यातले जुने जोडीदार. आता कोलशेतला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. नव्या कामाचं माप बसत नव्हतं, माल परत येत होता, गिऱ्हाईक हातचं जाणार होतं. अण्णांनी विचारलं, “उत्तम, उद्या येतोस? तुझ्याच हातचं काम आहे.”

उत्तमरावांनी डोळे मिटले आणि सवयीने म्हणाले, “बघतो.”

अण्णा थांबले. लेथही थांबलं. पण लेथला अजून सेटिंगचा एकच अर्थ कळतो. गिऱ्हाईक गेलं. उत्तमरावांना हे समजलं तेव्हा बाहेरच्या खोलीत तिघं जण पेढे घेऊन बसले होते. ते आत गेले, पलंगावर बसून स्वतःच्या तळव्यांवरून अंगठा फिरवत राहिले. घट्टे गेले होते, कातडी मऊ पडली होती. मग बाहेर येऊन त्यांनी तिघांनाही ‘बघतो’ सांगितलं.

हे वाचून तुम्हाला उत्तमरावांचा राग आला असेल तर ते योग्यच आहे. पण वाचता वाचता मध्येच तुम्हाला तुमचं एखादं रखडलेलं काम आठवलं असेल, तर लाजू नका. सकाळी ते घरीच असतात. माझं नाव सांगा.