काळमेघांच्या घरचं ऊन

सावळीखेड्यात प्रत्येक घराचं ऊन एकाच माणसाच्या अंगाला लागतं. घरचे उन्हात कुठेही फिरोत, अगदी परगावी असोत, कातडी भाजते ती ग्रामपंचायतीच्या वहीत नाव असलेल्या माणसाची. हे नाव दरवर्षी पाडव्यानंतर महिनाभरात लिहून द्यायचं असतं. काळमेघांच्या घरचं ऊन एकवीस वर्षं कौसल्याबाईंच्या नावावर होतं.

त्याचा त्यांना कधी जाच वाटला नाही. मान चुरचुरली की त्या ओसरीवरूनच नवऱ्याला फोन लावत. "अहो, दुपट्टा सुटला तुमचा." वावरात भास्करराव मुकाट्याने दुपट्टा बांधत.

यंदा मात्र हात कोपरापर्यंत भाजू लागले. सकाळी दहाला सुरुवात, संध्याकाळपर्यंत फोड. भास्करराव तर तापाने आठवडाभर खाटेवर होते. राहिला मुलगा, प्रफुल. तो नागपूरला ऑफिसात होता, एसीत. पण बाईंच्या डाव्या मनगटावर एक पांढरा पट्टा तेवढा भाजायचा राहिला होता, घड्याळाएवढा. बाईंनी जन्मात घड्याळ घातलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा प्रफुलला मात्र घेऊन दिलं होतं.

उपकेंद्रातल्या सिस्टरने हात पाहिले. "बर्फ घासू नका, फोड फोडू नका. गार पाण्याचा फडका ठेवा, पाणी पीत राहा. अन् पोराला म्हणा, हात झाक."

"पोरगा एसीत बसते, बाई."

"मग तुमच्या एसीत लय ऊन दिसते," सिस्टर म्हणाली आणि तसं कार्डावर लिहिलं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक ढोके यांनी वही उघडली. "काकू, अजून चार दिवस आहेत. नाव बदलू का? नाहीतर ज्याचं त्याला, असाही रकाना आहे."

"मग पोराचं ऊन मले कळणार नाही?"

"नाही. त्याचं त्याला लागेल."

"राहू द्या माझंच."

फोडांमुळे पेन धरवेना. ढोक्यांनी सही होईपर्यंत वही घट्ट धरून ठेवली.

रात्री बाईंनी प्रफुलला फोन केला. "ऑफिस कसं आहे रे?"

"थंडगार, आई." मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. बाईंनी फोन ठेवला.

भास्कररावांच्या जुन्या धोतराचे त्यांनी कोपरापर्यंतचे हातमोजे शिवले, दोन जोड. एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी दिली. आत, ऊन बाधू नये म्हणून खिशात ठेवायला चार कांदे आणि एक चिठ्ठी: 'एसीत हात गारठतात. घालत जा.'

तिसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तरी हात गार होते. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि भांडी घासायला घेतली. संध्याकाळी फोन आला.

"आई, खरंच गारठत होते हात."

"हो रे. वाटलंच मले."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या नाकाचा शेंडा चुरचुरू लागला. त्यांनी पेटीतून उरलेलं धोतर काढलं आणि कात्री शोधली.