अंगठ्यावरचा वैमानिक

नवरा निवृत्त झाला की बायकोची खरी नोकरी सुरू होते. हे आधी कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर निम्म्या बायकांनी नवऱ्याच्या साहेबांचे पाय धरले असते, की बाबा, याला मरेपर्यंत कामावरच ठेव, हवं तर पगार देऊ नकोस.

शिवणबाईलाही कुणी सांगितलं नव्हतं. ही बाई घरातच मशीन टाकून लोकांचे कपडे शिवायची. हात चालता, तोंड त्याहून चालतं. नवरा एका कारखान्यात स्टोअरकीपर. नट, बोल्ट, वॉशर, खिळे मापाप्रमाणे खणांत लावायचे आणि जो मागेल त्याला खिडकीतून मोजून द्यायचे, यात त्यांचा जन्म गेला. सगळी इमारत त्यांना कीपरसाहेब म्हणायची. (घरात ‘अहो’. त्याच्या वरची पदवी घरात मिळत नाही.)

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहा घेतला, इकडेतिकडे पाहिलं, उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. शिरले ते तिथेच राहिले.

आधी डबे उंचीप्रमाणे लागले. मग रंगाप्रमाणे. साखर मिठाशेजारी गेली, कारण दोन्ही माल पांढरा. त्या दिवशीचा चहा शेजारच्या वहिनींनी तोंडात घेतला आणि तसाच परत कपात सोडला.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“शिस्त.”

“खारट आहे तुमची शिस्त!”

तेवढ्यावर भागलं असतं तरी बाईने देवाचे आभार मानले असते. पण साहेब तिच्या पाठीशी उभे राहायला लागले. (बायकोच्या पाठीशी उभं राहावं म्हणतात ते असं नव्हे.) तेल टाकलं की मागून आवाज यायचा, “एवढं कशाला?” मीठ टाकलं की, “मोजलंस का?” कांदा घेतला की, “तो नको, तो नवा आहे. आधी जुना माल संपव.” बाईच्या हातात सुरी होती आणि मागे नवरा होता. तिने कांदाच चिरला, हे तिचे उपकार समजा.

महिनाभरात बाईच्या नाकी नऊ आले. स्वयंपाकघर ही तिची एकच जागा होती. बाहेरच्या खोलीत मशीन आणि गिऱ्हाइकं, आतल्या खोलीत नवऱ्याचं घोरणं. ओट्यापाशी उभं राहिलं की तिला दोन घटका बरं वाटायचं. तीही जागा आता गेली. तिने लेकीला फोन लावला.

“एक तर तुझा बाप राहील या घरात, नाहीतर मी.”

“आई, त्यांना एखादा छंद लाव ना.”

“आहे की छंद. मीच आहे.”

पण लेकीचं बोलणं डोक्यात राहिलं. दोरे आणायला बाजारात गेली तेव्हा दोऱ्यांच्या दुकानाला लागून असलेल्या दुकानाच्या काचेकडे तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. आत छोटी छोटी विमानं, रणगाडे, जहाजं मांडलेली.

“ही खेळणी का हो?”

दुकानदाराला राग आला. “खेळणी नाहीत बाई. खऱ्या लढाऊ विमानाची हुबेहूब लहान प्रत असते. तुकडे सुटे मिळतात. घरी बसून जोडायचे, रंगवायचे.”

“वेळ जातो?”

“महिने जातात.”

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “सगळ्यात जास्त वेळ खाणारं द्या.”

“घरात आधी कुणी केलंय?”

“नाही.”

“मग हे छोटं घ्या. थोडेच तुकडे आहेत, हात बसेल. पहिलं विमान सोपं असावं.”

“सोपं नको. सोपं लवकर संपतं.”

“अहो, या मोठ्यात मुंगीएवढे तुकडे आहेत. नवा माणूस रडतो.”

“रडू दे. बाहेरच्या खोलीत बसून रडला म्हणजे झालं.”

दुकानदाराने गोंद, रंगाच्या कुप्या, चिमटा आणि बारीक कटर बांधून दिलं. “आणि एक लक्षात ठेवा, तुकडे कापताना...” असं तो म्हणत होता, पण बाई तोवर रस्त्यावर पोचली होती. आनंदाच्या भरात माणसाला कान नसतात.

साहेबांनी खोक्याकडे पाहून नाक मुरडलं. “मी काय लहान पोर आहे?”

“लहान असतात तर शाळेत तरी घातलं असतं तुम्हाला. उघडा!”

साहेबांनी झाकण उचललं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे प्रत्येक चौकटीला तुकडे लटकलेले. पंख, चाकं, बंदुका, एक इवलासा बसलेला वैमानिक. साहेबांचा चेहराच बदलला. आवाजही बदलला.

“किती नग आहेत?”

“मोजा ना तुम्हीच,” बाई गोड आवाजात म्हणाली. (हा आवाज तिने लग्नानंतर काढला नव्हता. साहेब दचकले.)

मग काय विचारता! बाहेरून कट् कट् आवाज यायचा आणि आत बाई ओट्यापाशी एकटी. तिने मीठ न मोजता टाकलं. नवा कांदा जुन्याच्या आधी चिरला. गाणं म्हटलं. वहिनी डोकावून म्हणाल्या, “काय हो, कीपरसाहेब गावाला गेलेत का?”

“विमानाने गेलेत,” बाई म्हणाली आणि स्वतःच खदाखदा हसली.

हसून घ्यावं माणसाने. पुढचं कुणाला दिसतंय?

काम उरकल्यावर साहेबांनी हाक मारली. “ये, बघून जा. असं स्टोअर तू जन्मात पाहिलं नसशील.”

टेबलावर बाईचे बटणांचे डबे ओळीने मांडले होते.

“माझी बटणं कुठायत?”

“एका पिशवीत घातली. बटण म्हणजे शेवटी बटणच.”

शर्टाची, कोटाची, शिंपल्याची, पितळेची, एकेक वेगळं करून वर्षानुवर्षं जपलेली बटणं पिशवीत एकमेकांच्या उरावर बसली होती. स्वयंपाकघराची किंमत म्हणून बाईने तेही गिळलं.

“या डब्यात गोल माल,” साहेब दाखवत होते. “यात लांब माल. यात चपटा. हा बारीक माल दिसत नाही, पण आहे.”

“छान. आता जोडा.”

साहेबांनी कृतीचा कागद उलगडला. सगळी चित्रं, बाण आणि नंबर. बाविसाव्या तुकड्याला छत्तिसावा तुकडा चिकटवायचा. साहेबांनी गोल मालातून एक नग उचलला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला.

“यावर नंबर नाही गं.”

बाईने कागद ओढून घेतला. तिचं शिक्षण चौथीपर्यंतच, पण चित्र कळायला चौथीही लागत नाही. “तुकड्यावर नाहीच. शेजारी चौकटीवर आहे नंबर. हे काय, इथे दिसतंय. चौकटी आणा.”

साहेब डब्यांची झाकणं लावायला लागले.

“अहो, चौकटी कुठायत?”

“ते पॅकिंग होतं.”

“म्हणजे?”

“माल काढून घेतला की पॅकिंग ठेवायचं नसतं. स्टोअरचा पहिला नियम आहे. सकाळी कचऱ्यात दिलं.”

बाई तशीच खाली धावली. पायात एक चप्पल तिची, एक साहेबांची. कोपऱ्यावर कचरेवाला ढकलगाडी धूत होता.

“दादा, सकाळचं प्लॅस्टिक आहे का हो?”

“कसलं प्लॅस्टिक?”

“विमानाचं.”

“विमान टाकलंत?”

“विमान ठेवलंय. त्याच्या भोवतीचं टाकलंय.”

त्याने बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चपलांवर नजर जरा जास्त थांबली. “मोठी गाडी घेऊन गेली सगळं. पुढच्या वेळी विमान टाका, ताई. कटकट मिटेल.”

ती वर आली तेव्हा साहेबांनी अंदाजाने काम सुरू केलं होतं. दुकानदाराचा गोंद त्यांना पाणी घातल्यासारखा वाटला, म्हणून चपलेचे तळवे चिकटवायचा गोंद घेतलेला. वैमानिकाला खुर्चीत बसवायचं होतं. वैमानिक खुर्चीत बसला नाही. तो साहेबांच्या अंगठ्यावर बसला आणि उठेना.

गरम पाणी झालं, तेल झालं, साबण झाला. बाईने ओढून पाहिलं तेव्हा साहेब असे ओरडले, की वहिनी धावत आल्या.

“अगं बाई! कीपरसाहेब, अंगठ्याला काय झालं?”

“सैनिक बसलाय,” बाई म्हणाली. “युद्ध संपेपर्यंत उतरणार नाही.”

साहेब त्याच अंगठ्याने जेवले. घास घेताना आधी वैमानिक आत जायचा, मग भात. सही करायला गेले तर वैमानिक पेनाला आडवा. शेवटी कातडी निघाली तेव्हा तो आपोआप गळून पडला, पण त्याचं डोकं साहेबांकडेच राहिलं.

त्यानंतर साहेब डबे तसेच सोडून खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले. स्वयंपाकघरात यायचे नाहीत. तेलाबद्दल अवाक्षर नाही. बाईने मुद्दाम दोन पळ्या तेल जास्त ओतलं, पळीचा आवाज केला, खोकली. मागे कुणी नाही. तिने मीठ विसरून भाजी वाढली, साहेबांनी गुपचूप खाल्ली. मग तिला भीती वाटली.

“अहो, अळणी आहे भाजी.”

“असू दे.”

“असू दे काय? ओरडा की! जीभ गहाण ठेवलीत का?”

साहेब बाहेर बघत म्हणाले, “उभ्या नोकरीत माझ्या हातून एक वॉशर हरवला नाही. आणि घरात बसून अख्खं विमान हरवलं. तेही समोर ठेवून. बरोबर केलं त्यांनी, मला घरी पाठवलं ते.”

“वय झालं म्हणून पाठवलंय. सगळ्यांनाच पाठवतात.”

“हो,” साहेब म्हणाले, आणि ताट पुढे सरकवून उठले.

बाई ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. सगळी जागा तिची होती. हवं तिथे हात पसरता येत होता. इतकी वाईट जागा तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मशीनवरचा कोट बाजूला फेकला आणि चारही डबे टेबलावर उपडे केले.

“काय करतेस?” साहेब खुर्चीतून म्हणाले.

“जोडते. लोक कापलेलं कापड आणून टाकतात, त्यातून बाही कुठली आणि कॉलर कुठली ते कळतं मला. विमान म्हणजे काय, दोन बाह्या आणि एक पाठ.”

असं म्हणावं, आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यावं. तीन दिवस तिने तुकडे जुळवले. बाह्या बसल्या. शेपूट बसलं. तिने विमान अभिमानाने टेबलावर उभं केलं, तर ते पाठीवर झोपलं आणि चाकं आभाळाकडे. बाह्या उलट्या लागल्या होत्या. आता शिवण चुकली तर उसवता येते. हा मेला गोंद प्लॅस्टिक वितळवूनच धरतो, तो उसवत नाही. वर ओंजळभर बारीक माल उरला होता, आणि तो कुठेतरी लागणारच होता, कारण कुणी उगाच बनवेल का?

झालं. बाईचं डोकं फिरलं. तिने दुकानातून तसंच दुसरं खोकं आणलं आणि या वेळी चौकटी उशीखाली ठेवून झोपली. गिऱ्हाइकं दारात ओरडायला लागली. कोटवाला म्हणाला, “बाई, थंडी संपत आली.” बाईने मान वर केली नाही. “हलू नका,” म्हणाली, “बंदूक वाळतेय.” तिला आता चिमट्याशिवाय काही दिसेना. मेलं आपल्याला जमत नाही म्हणजे काय?

साहेब दोन दिवस लांबून बघत होते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आतून डबा सरकल्याचा. मग दुसऱ्या डब्याचा. बाईला ऐकू येत होतं, कळतही होतं, पण तिच्या एका हातात डावा पंख होता, दुसऱ्यात उजवा, आणि गोंद सुकेपर्यंत दोन्ही सोडता येत नव्हते. माणूस खुर्चीतून उठला, एवढ्यावर तिने समाधान मानलं. “अहो, बरं वाटतंय का?” तिने विचारलं. “कामात आहे,” आतून उत्तर आलं.

चारच्या सुमारास तिला भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती चिकट बोटं फडक्याला पुसत स्वयंपाकघराकडे गेली, तर दाराला स्टूल आडवं लावलेलं. पलीकडे साहेब भरलं ताट मांडून बसले होते. चेहरा कसा टवटवीत, जसा कामावर असताना असायचा.

“अहो, सरका. मला जेवायचंय.”

साहेबांनी तिच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

“नंतर या,” ते घास चावत म्हणाले. “आता खिडकी बंद आहे. कीपर जेवतोय.”