शिक्का काढायचा नाही

रुग्णवाहिकेच्या दूरध्वनी केंद्रात चार मध्यस्थ सर्व्हर सेवेत होते आणि चौघांचीही वागणूक निष्कलंक होती. इंटरनेटवरून आलेला कॉल पुढे सरकवताना प्रत्येक जण त्यावर आपल्या नावाचा शिक्का मारी. उत्तर त्याच वाटेने परत येई, तेव्हा सगळ्यात वरचा म्हणजे आपलाच शिक्का काढून ते खालच्या नावाकडे धाडी. उत्तर घरी पोचेपर्यंत एकही शिक्का उरत नसे.

केंद्राच्या साहेबांना नेमकं हेच खटकलं.

"चौघांनी काम केलं याला पुरावा काय?"

"साहेब, आपला शिक्का काढला तरच पुढचा पत्ता दिसतो," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "नाहीतर उत्तर जागच्या जागी फिरत बसेल."

"आणि ऑडिटला तोंड तुम्ही देणार का?"

बाईंनी हात टेकले. परिपत्रक निघालं : मारलेला शिक्का काढणे हा अभिलेखाचा नाश समजण्यात येईल.

त्याच आठवड्यात एका शिंप्याचे वडील कापड बेतायच्या टेबलापाशी छाती धरून कोसळले. शिंप्याने फोन लावला. कॉल चारही शिक्क्यांनिशी केंद्रात पोचला आणि तिथल्या मुलीने तो तत्परतेने उचलला. 'उचलला' हे उत्तर परत निघालं. चौथ्या सर्व्हरने वरचं नाव वाचलं, ते त्याचंच होतं. त्याने उत्तर स्वतःला पाठवलं, रीतसर स्वीकारलं आणि पुन्हा स्वतःला पाठवलं.

मुलगी "हॅलो, हॅलो" करून दमली. शिंप्याच्या फोनच्या पडद्यावर मात्र 'प्रयत्न चालू आहेत' अशी ओळ होती. ही ओळ पहिला सर्व्हर कॉल हाती येताच आपल्या मनाने देई. त्यासाठी त्याला पुढे कुणाला विचारावं लागत नसे.

"बाबा, लागतोय हं फोन. जरा दम धरा." शिंप्याने अकरा मिनिटं फोन खाली ठेवला नाही. बाराव्या मिनिटाला बाबांचा छातीवरचा हात गळून पडला.

चौकशी झाली. "कॉल उचलला, शिक्के जागेवर, दिरंगाई शून्य," साहेबांनी वाचून दाखवलं.

"साहेब, शेजारी टेम्पो उभा होता हो," शिंपी रडत म्हणाला.

"मग नेलं का नाहीत?" साहेबांनी आपुलकीने विचारलं.

"पडद्यावर लिहिलं होतं ना."

शिंपी भोळाच, असं तुम्ही मनात म्हणालात. म्हणा. गेल्या वर्षीच्या अर्जाची पोच तुम्ही अजून पाकिटात जपून ठेवली आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच खिडकीसमोर उभे राहणार आहात.