फलकापासून शंभर मीटर

साहेब, तुम्ही आमचं कब्रस्तान चोरलं. दिवसाढवळ्या, नियमानुसार.

सुलतानपूरपासून आत आमचं खेडं. शिवारात एक टेकाड आहे; हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली मेलेली माणसं तिथं एकत्र पुरली. तुमच्या पुरातत्त्व खात्यानं ते संरक्षित केलं. 'शंभर मीटरच्या आत खोदल्यास शिक्षा' असा लोखंडी फलक आला. पण फलक रोवायला खड्डा लागतो, आणि शंभर मीटरच्या आत खड्डा म्हणजे गुन्हा. तुमची माणसं कायद्याची पक्की. एकशेवीस मीटर मोजून त्यांनी फलक शेजारच्या कब्रस्तानात रोवला.

पुढं नवे साहेब आले. त्यांनी शंभर मीटर फलकापासून मोजले. कब्रस्तान संरक्षित झालं, टेकाड हद्दीबाहेर पडलं. नकाशावर शिक्काही बसला.

परवा सकाळी गौसियाबी गेली. अर्ध्या गावाची दाई. तिचा मुलगा सईद खात्याच्या चौकीदाराकडे, तुळशीरामकडे धावला.

"भाऊ, आज दुपारच्या असरच्या नमाजीआधी अम्मीले माती द्यायची हाये. कबर खोदू दे."

"मले काऊन म्हनतं? माही नाळ तुह्या मायनंच कापली, पन नोकरी हाये बे!"

सईदनं साहेबांना फोन लावला.

"अर्ज करा. नव्वद दिवसांत निर्णय होतो."

"साहेब, अम्मी नव्वद दिवस थांबन कशी?"

"इथले मृत तीन हजार वर्षं थांबलेत. एकाचीही तक्रार नाही."

फोन बंद. तुळशीरामनं डोकं खाजवलं. "सईद, टेकाड तं हद्दीबाहेर हाये. तिथं खोदलं तं मले वहीत लिहाले रकानाच नाही."

मग टेकाडातच खोदलं. दोन हात खोल गेल्यावर मडकं लागलं, आत हाडं. कुदळ मारणाऱ्या दयारामनं ते अलगद बाजूला सरकवलं. "सरका हो आजोबा, दाई आली हाये." रडता रडता सईदही हसला. तुळशीरामनं सरकारी टोपी काढून तीन मुठी माती टाकली.

काल सईदला नोटीस आली: टेकाडातील नवीन अवशेष नेमके कोणत्या कालखंडातील, ते सात दिवसांत पुराव्यानिशी सिद्ध करावे, अन्यथा अवशेष जप्त करून संग्रहालयात हलवण्यात येतील.

वाचकहो, दात काढू नका. रविवारी गाड्या घेऊन तुम्हीच येता. फलकाला टेकून फोटो काढता, खाली 'आपला वारसा' लिहिता, बूट कोणाच्या बापाच्या कबरीवर आहेत ते बघत नाही. टेकाड कुठं आहे, हे आजवर एकानंही विचारलं नाही.

आता साहेबांनी बोलावं, नाहीतर तुम्ही: गौसियाबीला उचलायला येणार, तेव्हा पहिली कुदळ कोण मारणार?