यमुनाबाई साळूची बाग आणि निळं औषध

एका जंगलात, मुलांनो, वाघ महाराजांचं राज्य होतं, आणि त्या राज्यात एक डाळिंबाची बाग होती. बाग महाराजांची होती. कष्ट यमुनाबाईंचे होते.

यमुनाबाई म्हणजे साळू. अंगभर काटे आणि तोंडात पुढे पटाशीसारखे दात. या दातांनीच त्या झाडांची छाटणी करत. त्यांच्या आईनंही हीच बाग राखली होती. कुठल्या झाडाला कुठल्या बाजूनं ऊन लागतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पण त्यांना कुणी विचारत नसे, म्हणून त्या सांगतही नसत.

एका सकाळी यमुनाबाईंना पानावर डाग दिसले. तेलाचा थेंब पडावा तसे, काळपट आणि ओलसर. चार दिवसांत डाग फळांवर उतरले आणि फळं तडकू लागली. यमुनाबाईंनी रोग ओळखला. आईच्या काळी एकदा हा रोग आला होता. त्याला तेल्या म्हणतात. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी होतो.

त्या तडक दरबारात गेल्या.

"महाराज, डागाळलेल्या फांद्या छाटून लांब नेऊन जाळाव्या लागतील. दर झाडानंतर मी दात राखेनं घासून घेईन, नाहीतर माझ्याच दातांनी रोग पसरायचा. आणि यंदा झाडांना विश्रांती द्यायची. फळ धरायचं नाही."

"फळ नाही?" महाराज म्हणाले. "तीन महिन्यांनी, पौर्णिमेला, शेजारच्या जंगलाचे राजे येणार आहेत. त्यांच्यापुढे काय ठेवू, विश्रांती?"

दरबार हसला. दरबाराचं कामच ते होतं.

मग महाराजांनी तज्ज्ञाला बोलावलं. तज्ज्ञ म्हणजे डॉक्टर नीलकंठ मोर. ते परदेशी जाऊन आले होते. तिथे काय शिकले हे कुणाला माहीत नव्हतं, पण परत आल्यापासून ते मान तिरकी करून बोलत. त्यांनी एका मोठ्या काहिलीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, कालवलं. पाणी निळंशार झालं.

"माझ्या मानेचा रंग," डॉक्टर म्हणाले. "शास्त्रीय आहे."

त्यांनी पिसारा काहिलीत बुडवला आणि एकेका झाडावर झटकला. काही पानं भिजून निथळली, काहींना जेमतेम शिंतोडा लागला.

पहिल्या फवाऱ्यात पुष्कळ जंतू मेले, हे कबूल करायला हवं. पण सगळे मेले नाहीत. आता जंतू म्हणजे काय, मुलांनो? त्याला डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. पण तांब्याचा विषारी कण अंगाला लागला की त्याला लागलीच कळतं. तो अंगाची दारं आवळून घेतो. आत शिरलेलं विष उपसून बाहेर टाकतो. मग सगळे मिळून अंगाभोवती चिकट बुळबुळीत गोधडी विणतात आणि तिच्याखाली दडून बसतात. काही नुसतेच मेल्यासारखे पडून राहतात. आणि ज्याला विष उपसायची युक्ती साधली, तो ती शेजाऱ्याला देऊन टाकतो. यासाठी त्यांना बैठक बोलवावी लागत नाही.

इकडे दरबारात एक समिती नेमली गेली, तिच्या तीन बैठका झाल्या आणि विजय जाहीर झाला.

सातव्या दिवशी यमुनाबाई एक पान घेऊन आल्या. पानावर औषधाचा निळा थर होता आणि त्या थरातूनच नवा डाग वर आला होता.

"डॉक्टरसाहेब, औषध त्यांना ओळखीचं झालंय."

"ओळखीचं?" डॉक्टर म्हणाले. "जंतूला ओळख असते, हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात नाही. पानावर बघितलं."

"मात्रा कमी पडली आहे," डॉक्टर महाराजांकडे वळून म्हणाले. "दुप्पट करू."

मात्रा दुप्पट झाली. मग चौपट झाली. पानांच्या कडा करपल्या. मधमाश्या बाग सोडून गेल्या. मातीतली गांडुळं वर येऊन वाळून गेली. ज्यांना विष सोसत नव्हतं ते सगळे संपले आणि ज्यांच्यासाठी विष कालवलं होतं ते गोधडीखाली मजेत राहिले. समितीनं अहवाल लिहिला, 'औषध उत्तम आहे. जंतूंनी अपेक्षित सहकार्य केले नाही.'

यमुनाबाईंनी मात्र एक गोष्ट कुणाला न विचारता केली होती. ओढ्याकाठची अकरा झाडं त्यांनी पहिल्याच आठवड्यात छाटली होती. फांद्या जाळल्या होत्या, राखेनं दात घासघासून हिरड्यांतून रक्त काढलं होतं. औषधवाल्यांना त्या तिकडे फिरकू देत नव्हत्या. दोन महिन्यांनी त्या बोडक्या खोडांना तांबूस कोंब फुटले. एकाही कोंबावर डाग नव्हता. यमुनाबाई रोज सकाळी एकेका कोंबाला हात लावून बघत. एकदा त्या तिथेच बसून थोडं रडल्या.

त्यांनी महाराजांना ओढ्याकाठी आणलं. सोबत डॉक्टर आले, समिती आली.

"बघा महाराज. ही झाडं वाचली."

महाराजांनी झाडाभोवती एक फेरी मारली. "यावर डाळिंब कुठाय?"

"पुढल्या वर्षी येईल."

"आणि ही झाडं औषधाविना?" डॉक्टरांचा तुरा थरथरला. "महाराज, सगळ्या बागेला शिस्त लावायची आणि अकरा झाडांनी मोकळं हिंडायचं? माझ्या अहवालात आकडे जुळत नाहीत ते यांच्यामुळे."

"झाडं कशी हिंडतील, डॉक्टर?" यमुनाबाई म्हणाल्या.

"फवारा मारा," महाराज म्हणाले.

डॉक्टर आजारी झाडांवरचं काम तसंच टाकून आले होते. पिसारा ओला होता, त्यातून चिकट पाणी ठिबकत होतं. यमुनाबाई पहिल्या झाडापुढे आडव्या उभ्या राहिल्या. अंगावरचा काटा न् काटा ताठ झाला.

"औषध मारायचं तर मारा. पण आधी पिसारा धुवा. त्या पिसाऱ्यातनं तुम्ही रोग आणताय."

असा अपमान डॉक्टरांचा कधी झाला नव्हता. ते समितीकडे बघू लागले. समिती महाराजांकडे बघू लागली.

"यमुनाबाई," महाराज हळू आवाजात म्हणाले, "काटे खाली करा."

आईपासून त्यांनी या घराण्याचं मीठ खाल्लं होतं. काटे एकेक करून खाली गेले. डॉक्टरांनी पिसारा अकरा झाडांवरून ऐटीत झटकला.

बाराव्या दिवशी कोंबांवर डाग आले. समितीनं तपास केला आणि निष्कर्ष काढला, की रोगाचं मूळ ओढ्याकाठी होतं आणि यमुनाबाईंनी ते लपवून ठेवलं होतं. त्यांना बागेतून काढलं.

पौर्णिमेला बागेतच सोहळा झाला. पाहुणे राजे आले. त्यांना पेरू दिले. डॉक्टरांना शाल पांघरली. ते भाषणात म्हणाले, "आज मी अभिमानानं सांगतो, या बागेत एकाही पानावर डाग उरलेला नाही."

टाळ्या पडल्या. पाहुण्या राजांनी सहज मान वर करून झाडांकडे पाहिलं. फांद्या वाळून काटक्या झाल्या होत्या.

"पानं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"प्रश्नोत्तरं शेवटी," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

यमुनाबाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण पाय इकडेच आले होते. पाचोळ्यावर बसलेला दरबार, त्या पाचोळ्यात जिवंत असलेला रोग आणि वर चाललेलं भाषण त्यांनी पाहिलं. मग त्या वळल्या आणि ओढा उतरून पलीकडे चालू लागल्या. तिकडे बाग नव्हती. रान होतं, नुसतं रान, आणि त्याला महाराज नव्हता.

तात्पर्य : औषध चाललं नाही तर मात्रा वाढवावी. मात्रा चालली नाही तर माळीण काढावी. धीर मात्र सोडू नये. झाडच उरलं नाही, की झाडाचा रोग आपोआप बरा होतो.