कोपरापासून चार बोटं खाली

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझी नजर म्हणजे टेप आहे. खोलीत पाऊल टाकलं की कुठली भिंत किती लांब, कुठलं कपाट कुठे बसेल, हे मला आपोआप दिसतं. लोकांना ते पटत नाही, आणि आमच्या घरातल्या लोकांना तर अजिबात नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं समजून मी सोडून देतो.

आमचं नवं घर बांधून होत होतं तेव्हाची ही हकीकत. 'बांधून होत होतं' हे शब्द आमच्या मिस्त्रींचे. घर कधी होणार असं विचारलं की ते म्हणायचे, "होतंय की." खिडक्या कधी बसणार? "होऊन जाईल." त्यांना कशाचीच घाई नव्हती आणि कशाचीच अडचण नव्हती. असा शांत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तोवर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि आई, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. खरं तर राहत नव्हतो, थांबलो होतो. अर्धं सामान खोक्यांत. चांगल्या कपबश्या नव्या घरासाठी बांधून ठेवलेल्या, त्यामुळे आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा पीत होतो. नळ ठिबकत होता, पण दुरुस्त कशाला करायचा? नव्या घरात जायचंच आहे. आईने तर शेजारणीशी सुरू झालेलं भांडणसुद्धा "जाऊ दे, नव्या घरी गेल्यावर बघू" म्हणून अर्धवट सोडलं. ती शेजारीण आमच्या नव्या घरी कशाला येईल, हा प्रश्न मी विचारला नाही.

नव्या घराकडून प्रत्येकाची एकेक मागणी होती. आईला खिडकीशी पलंग हवा होता. मला माझ्या जुन्या मासिकांसाठी कपाट हवं होतं. माझ्याकडे मासिकांचा मोठा संग्रह आहे. बायको त्याला रद्दी म्हणते. घर बदलताना तिने तो दोरीने असा काही करकचून बांधला, की ती मासिकं पुन्हा श्वास घेतील की नाही अशी मला शंका आली.

"माझा गठ्ठा कुठे ठेवलास गं?" मी एकदा विचारलं.

"स्वयंपाकघरात आहे."

"सांभाळ हं त्याला."

"काळजी करू नका. आता त्याच्यावाचून माझं पान हलत नाही."

उशिरा का होईना, हिला वाचनाची गोडी लागली म्हणून मला बरं वाटलं.

बायकोची मागणीही एकच होती. ओटा. तिच्या उंचीचा. आमचे घरमालक ताडमाड, आणि त्यांची बायको त्यांच्याहून बोटभर जास्तच. त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा आपल्या मापाने बांधलेला. माझी बायको पाच फुटांना जेमतेम टेकते. पहिला आठवडाभर ती रोज संध्याकाळी खांदे चोळत म्हणायची, "नव्या घरात मला बाकी काही नको. फक्त ओटा माझ्या हाताला यायला हवा." मग ती तक्रार बंद झाली. मला वाटलं, सवय झाली असेल.

इथे माझं एक निरीक्षण नोंदवतो. स्वयंपाकघरात उभी असली की बायको मला नेहमीपेक्षा उंच वाटायची. ते मी अधिकाराच्या खात्यात जमा केलं होतं. कुठलाही माणूस आपल्या खुर्चीत जरा उंचच दिसतो.

तर बांधकामावर देखरेख माझी होती. होती, असंच म्हणायला हवं. कारण मधेच बाथरूमचं दार झालं. मिस्त्रींनी रुंदी विचारली, मी नजरेने सांगितली, आणि दार असं झालं की त्यातून माणूस जाई पण बादली तिरकी करावी लागे. त्या दिवशी बायकोने घरात जाहीर केलं, "ओट्याचं माप मी देणार. स्वतः येऊन देणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

हे मला लागलं. एका दारावरून माणसाची पारख करतात का? मी मनाशी ठरवलं की ओटा असा करून दाखवायचा की ती बघतच राहील. पुढे ती बघत राहिली, त्यात वाद नाही.

मी मिस्त्रींना गाठलं. "ओट्याचं माप मी आणून देतो."

"वहिनी येणार होत्या ना?"

"त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाले. "हात कोपरात दुमडायचा. कोपरापासून चार बोटं खाली ओटा. मग खांदे दुखत नाहीत."

आता प्रश्न एवढाच उरला, की बायकोच्या नकळत तिचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे हे कसं काढायचं? पहिला प्रयत्न मी दुपारी केला. ती चटईवर झोपली होती. मी टेप घेऊन तिच्या पायाशी बसलो आणि हळूहळू कोपराकडे सरकू लागलो. गुडघ्यापर्यंत पोचलो तोच पाठीमागून आवाज आला.

"काय करतोस रे?"

आई. आई पावलांचा आवाज न करता येते, हे तिचं जुनं कौशल्य आहे.

"काही नाही. टेप बघत होतो. चालते का ते."

"बायकोवर?"

मी टेप सोडली. ती सर्रकन गुंडाळत डबीत गेली, आणि त्या आवाजाने बायको उठली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे, मग आईकडे. आईने भुवया उंचावून मला सोडून दिलं, पण अर्ध्या तासात स्वयंपाकघरातून दोघींची कुजबुज ऐकू आली.

टेप बाद झाली म्हणून मी नजरेवर आलो. भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे बोळ. दारातच फ्रीज होता, त्यामुळे बाहेरून बघितलं तर आत उभ्या माणसाचा कमरेवरचा भाग तेवढा दिसे. मला तेवढाच हवा होता. दाराजवळच, बाजूच्या भिंतीवर एक कॅलेंडर लटकत होतं. बायको कांदा चिरायला लागली की तिचं कोपर कॅलेंडरच्या खालच्या कडेशी कुठे येतं, ते बघायचं, आणि ती बाहेर गेली की जमिनीपासून कॅलेंडरपर्यंत मोजायचं. साधी युक्ती होती. पण नेमकेपणा हवा म्हणून मी सलग काही दिवस, निरनिराळ्या वेळी दारात उभा राहून बघत राहिलो.

पहिल्या दिवशी बायको लाजली. दुसऱ्या दिवशी तिने केस नीट बांधले होते. तिसऱ्या दिवशी मी एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून बघत असताना तिने सुरी खाली ठेवली.

"तुम्ही माझं माप घेताय."

"छे गं."

"सासूबाईंनी सांगितलं मला. झोपेत टेप लावत होतात. खरं सांगा, कशाचं माप आहे?"

आता आश्चर्याचा धक्का म्हटल्यावर सांगायचं कसं? मी गूढ हसून म्हणालो, "नव्या घरात कळेल."

आयुष्यात काही वाक्यं बोलण्याआधी माणसाने पाणी प्यावं. त्यातलं हे एक. बायकोचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"बाथरूमचं दार," ती म्हणाली. "मी त्या दारातून जाईन की नाही, ते बघताय तुम्ही."

"अगं, काहीतरीच काय?"

"मग कशाचं माप, ते सांगा."

मी गप्प बसलो, आणि तिथे माझा गुन्हा सिद्ध झाला. त्या दिवसापासून बायकोने चहातली साखर बंद केली. सकाळी ती झपाझप फिरायला जाऊ लागली. माझ्याशी बोलणं बंद आणि ताटात वाढणं दाणकन. आईचीही झोप उडाली. "ती जात नसेल तर मी कशी जाणार?" म्हणून आई येताजाता घरातल्या प्रत्येक दारातून आडवी होऊन जायचा सराव करू लागली. एकदा घरमालक भाडं न्यायला आले, तर आई दारातून त्यांच्याकडे पाठ करून, पोट आत ओढून बाहेर आली. ते दोन पावलं मागे सरकले.

मी मात्र सगळं सोसलं. माप हाती आलं होतं. कॅलेंडरची कडा, वजा चार बोटं. आकडा सांगितल्यावर मिस्त्री जरा थांबले.

"साहेब, जरा उंच नाही वाटत?"

"मिस्त्री, माप म्हणजे माप."

"होऊन जाईल," ते म्हणाले, आणि झालंही. एका अखंड काळ्या दगडाचा, आरशासारखा गुळगुळीत ओटा. रविवारी माप द्यायला निघालेल्या बायकोला मी फरशी ओली आहे म्हणून थोपवलं होतं. दगड पक्का बसल्यावर मी दोघींना घेऊन गेलो.

घरात शिरताच बायको कोणाकडेही न बघता थेट बाथरूमकडे गेली. दारातून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. पाठोपाठ आईही जाऊन आली, आडवी न होता. बायकोच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी माणसाळलेला भाव आला.

"मग माप कशाचं होतं?" तिने विचारलं.

माझा क्षण आला होता. मी तिचे डोळे झाकले, स्वयंपाकघरात नेलं, ओट्यापुढे उभं केलं आणि हात काढले.

ओट्यापुढे माझी बायको दुकानात गोळ्या घ्यायला आलेल्या लहान मुलीसारखी दिसत होती. तिने दोन्ही हात वर उचलून दगडावर ठेवले. खांदे कानांपर्यंत गेले.

"माप कुठे घेतलंत?" ती अगदी हळू म्हणाली.

"आपल्या स्वयंपाकघरात. तू कांदा चिरत असताना."

"मी कशावर उभी असताना?"

"कशावर म्हणजे? जमिनीवर."

"त्या स्वयंपाकघरात मी पहिल्या आठवड्यानंतर कधी जमिनीवर उभी राहिलेली नाही. ओटा हाताला येत नाही म्हणून तुमच्या मासिकांच्या गठ्ठ्यावर उभी असते. फ्रीजच्या मागे. तुम्ही कधी आत आलात तर दिसेल ना."

म्हणजे मी भाड्याच्या घरातला ओटा जसाच्या तसा उचलून नव्या घरात आणला होता.

मला फार वाईट वाटलं. मासिकांचं नाही. थोडं मासिकांचंही, पण ते नंतर. ही बाई इतके महिने रद्दीवर तोल सांभाळत आमचा स्वयंपाक करत होती, आणि मी दारात उभा राहून तिचं फक्त कोपर बघत होतो.

"एकच गोष्ट मागितली होती मी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मी मिस्त्रींकडे वळलो. "खाली करता येईल?"

पहिल्यांदाच ते 'होऊन जाईल' म्हणाले नाहीत. "अखंड दगड आहे, साहेब. आता काढायला गेलो तर तुकडे होतील. नवा आणायचा तर बघावं लागेल." आणि भाड्याच्या खोल्यांत महिनाअखेर दुसरं बिऱ्हाड यायचं होतं.

इतका वेळ आई ओट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. "तू उभा राहा बघू तिथे," ती मला म्हणाली.

"मी कशाला?"

"उभा राहा म्हणते ना."

उभा राहिलो. आईने माझा हात कोपरात दुमडला, आणि कोपराखाली आपली चार बोटं आडवी धरली. बोटं दगडाला टेकली. ना केसभर वर, ना केसभर खाली.

मिस्त्री पुढे येऊन वाकून बघू लागले. "वा!" ते म्हणाले. "साहेब, माप चुकलेलं नाही. माणूस चुकलाय."

आधी आई हसली. मग डोळे पुसता पुसता बायको हसायला लागली, ती थांबेचना. मी त्या ओट्यापुढे हात दुमडून तसाच उभा होतो, आणि खरं सांगायचं तर उभं राहायला फार सोयीचं वाटत होतं. खांदे अजिबात दुखत नव्हते.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आईचा पलंग खिडकीशी लागला. स्वयंपाकघरालाही मोठी खिडकी आहे. तिथे बायको खुर्ची टाकून बसते, हातात चांगल्या कपातला चहा, त्यात दोन चमचे साखर. पायाशी तो गठ्ठा. दोरी तिनेच सोडली. रोज एक मासिक काढते आणि मधूनमधून मला ओरडून सांगते, "छान आहेत हो ही! उगीच रद्दी म्हणत होते मी." आणि पान न उलटता, नुसत्या वासावरून, "आच कमी करा."

मागच्या आठवड्यात मिस्त्री खरोखरच आले. छिन्नी-हातोडा घेऊन, बरोबर नव्या दगडाचा नमुना घेऊन. माझ्या हातात झारा होता. मी तो खाली ठेवून त्यांना जवळजवळ मिठीच मारणार होतो.

"वहिनी, ओटा खाली करून देतो," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम."

बायकोने मासिकातून मान वर केली नाही.

"राहू द्या, मिस्त्री," ती म्हणाली. "यांना सवय झालीय."